कामो नदीतली भाऊबंदकी: जपानी आणि चिनी महाकाय सॅलमँडरचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. आजच्या भागात सनावळ्या आहेत, पण राजे नाहीत. आज आपण दोन प्राण्यांचा इतिहास पाहणार आहोत. एक जपानच्या डोंगराळ ओढ्यांत राहतो, दुसरा चीनच्या. दोघे इतके सारखे की शेजारी ठेवले तर तुम्हा-आम्हाला कोण कुठला हे सांगता येणार नाही. दोघांवरही संकट आहे. माणसाने दोघांनाही वाचवायचं ठरवलं, पण वाटा वेगळ्या निवडल्या. आणि आज अशी वेळ आली आहे की एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला नदीतून उचलून बाहेर काढावं लागतं.

मराठीत अशा प्रकाराला भाऊबंदकी म्हणतात. फरक एवढाच, की इथे भावांमध्ये भांडण लावलं ते माणसाने.

हा प्राणी आहे तरी कोण?

सॅलमँडर हा बेडकाचा दूरचा नातलग. बेडकासारखाच उभयचर, पण मोठेपणीही शेपटी राहिलेला. चित्रात पाहिला की पालीची आठवण होते. पण पाल सरपटणाऱ्या प्राण्यांतली, तिच्या अंगावर खवले असतात. सॅलमँडरची त्वचा उघडी, ओलसर आणि बुळबुळीत असते.

महाराष्ट्रात, गोव्यात, माळव्यात, गुजरातेत किंवा कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्राणी घराजवळ दिसणार नाही. भारतात सॅलमँडर आहेत ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी नावाचं ठिकाण आहे, तिथलं तळं त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. पण तो प्राणी वीतभर लांबीचा. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते दोघे अवाढव्य आहेत. जपानी महाकाय सॅलमँडर दीड मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं वजन २५ किलोच्या आसपास जाऊ शकतं. त्याचा चिनी भाऊ त्याहून मोठा, १.८ मीटरपर्यंत, म्हणजे उंचापुऱ्या माणसाएवढा. आज जिवंत असलेल्या उभयचरांत यांच्याहून मोठं कोणी नाही.

दोघांची राहणी सारखी आहे. थंड, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. दिवसा दगडाखाली किंवा काठाच्या बिळात पडून राहायचं आणि रात्री बाहेर पडायचं. डोळे बारीक, दृष्टी अधू. भक्ष्य जवळ आलं की रुंद जबडा एकदम उघडायचा, की पाण्याबरोबर मासा किंवा खेकडा आपोआप आत ओढला जातो. फुप्फुसं असली तरी श्वासाचं बहुतेक काम त्वचा करते. अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या चुण्या असतात, त्यातून पाण्यातला प्राणवायू शरीरात जातो. म्हणूनच पाणी साचलं, तापलं किंवा गढूळ झालं की हा प्राणी गुदमरतो. वाहता ओढा हेच त्याचं फुप्फुस म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे. उन्हाळा संपता संपता मादी काठाच्या बिळात माळेसारखी अंडी घालते आणि निघून जाते. राखण करतो नर. त्या बिळाचा धनीच असतो तो. शेपटी हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत जागचा हलत नाही. मोठा, बळकट नर ज्या बिळात बसला, ते बीळ त्याचं.

मग दोघांत फरक काय? मुख्य फरक डोक्यावरच्या फोडांचा. जपानी प्राण्याच्या डोक्यावर ते मोठे आणि विस्कळीत पसरलेले असतात. चिनी प्राण्याचे लहान आणि बहुधा जोडीजोडीने. एवढ्या किरकोळ फरकामुळे विसाव्या शतकात काही अभ्यासक दोघांना एकाच प्रजातीचे दोन प्रकार मानत असत. त्यांच्या रक्तात मात्र लाखो वर्षांचं अंतर आहे. मधे समुद्र आहे, आणि गोड्या पाण्याचा हा प्राणी समुद्र ओलांडत नाही.

पापी माणसाचा सांगाडा

युरोपात या घराण्याची ओळख झाली ती एका गंमतीशीर गैरसमजातून. झुरिचमध्ये योहान याकोब शॉइख्त्सर नावाचा वैद्य आणि निसर्गअभ्यासक होता. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ अ‍ॅनिंगेन इथल्या खाणीत एक जीवाश्म निघाला: मोठं गोल डोकं, खाली मणक्यांची माळ. शॉइख्त्सरने १७२६ मध्ये जाहीर केलं की बायबलमधल्या जलप्रलयात बुडून मेलेल्या एका पापी माणसाचा हा सांगाडा आहे. त्याला त्याने लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ 'प्रलयाचा साक्षीदार माणूस'.

पुढे हा दगड नेदरलँडमधल्या हार्लेम गावी टेलर्स संग्रहालयात आला. १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए तिथे गेला. हा माणूस नसून सॅलमँडर आहे असं त्याचं मत होतं. दगड कोरला तर पुढचे पाय सापडतील, असं त्याने सांगितलं. दगड कोरला गेला आणि पाय सापडले. प्रलयाचा साक्षीदार उभयचर निघाला.

त्या वेळी क्यूव्हिएच्या दृष्टीने हा प्राणी पृथ्वीवरून केव्हाच नाहीसा झालेला होता. त्याचे भाऊबंद जपान आणि चीनमध्ये जिवंत आहेत, हे युरोपातल्या शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. १८३७ मध्ये स्विस अभ्यासक चुडी याने या जीवाश्माच्या वंशाला 'अँड्रियास' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ माणसाची प्रतिमा. आज जपानी आणि चिनी या दोन्ही महाकाय सॅलमँडरांचं शास्त्रीय घराणं हेच नाव लावतं. शॉइख्त्सरचा तर्क कधीच बाद झाला, पण त्याची खूण आडनावासारखी मागे राहिली.

दोघांची युरोपवारी

जपानी भावाची जगाला ओळख करून दिली ती फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट या जर्मन डॉक्टरने. तेव्हा जपान परकीयांना बंद होता. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या इवल्याशा बेटावर राहायची मुभा होती. सीबोल्ट १८२३ मध्ये डचांचा डॉक्टर म्हणून तिथे पोचला. १८२६ मध्ये डच शिष्टमंडळाबरोबर तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला, आणि त्या प्रवासात सुझुका डोंगराच्या परिसरात त्याला हा प्राणी मिळाला. पुढे देशाचे निषिद्ध नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून सीबोल्टला जपान सोडावा लागला. त्याने मिळवलेला एक सॅलमँडर मात्र जिवंत नेदरलँडला पोचला आणि १८८१ पर्यंत जगला. ५० वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढून अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात त्याने देह ठेवला. या प्राण्याचं आयुष्य किती लांब असू शकतं, हे जगाला त्यातून कळलं. दरम्यान १८३६ मध्ये टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं होतं, जपानच्या नावावरून.

चिनी भावाला नाव मिळायला १८७१ साल उजाडलं. आर्मां दाव्हिद नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक चीनमध्ये वनस्पती आणि प्राणी गोळा करत फिरत होता. पांडाची युरोपला ओळख करून देणारा तो हाच. त्याच्या नावावरून ब्लांशार या फ्रेंच शास्त्रज्ञाने चिनी सॅलमँडरला 'डेव्हिडियानस' हे नाव दिलं.

ही झाली कागदावरची नावं. स्थानिक लोकांनी दिलेली नावं त्याहून जुनी आणि जास्त बोलकी आहेत. चीनमध्ये याला 'वावायू' म्हणतात, म्हणजे बाळमासा. त्याचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा, अशी समजूत आहे. जपानी नाव 'ओओसानशोउओ'. डिवचलं की हा प्राणी अंगातून पांढरा स्राव सोडतो, त्याला सानशो नावाच्या मसाल्यासारखा वास येतो. हा सानशो म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाचा सख्खा नातलग. बांगड्याच्या आमटीत तिरफळं टाकणाऱ्या घराला त्या वासाची कल्पना लगेच येईल.

जपानमध्ये त्याला 'हान्झाकी' असंही म्हणतात. अर्धा चिरला तरी जगतो, अशी त्यामागची लोकसमजूत. ओकायामा प्रांतातल्या युबारा गावात गोष्ट सांगतात की पूर्वी तिथे एक प्रचंड हान्झाकी माणसं आणि गुरं गिळायचा. एका धाडसी तरुणाने त्याला मारलं, पण त्यानंतर त्याच्या घराण्याचा नाश झाला. मग गावाने त्या प्राण्याचं देऊळ बांधलं. आजही तिथे दरवर्षी हान्झाकीचा उत्सव होतो. मारलेल्याचा कोप होतो, म्हणून त्याला स्थान द्यायचं, हा विचार आपल्या गावागावांतल्या दैवतांच्या कथा ऐकलेल्यांना नवखा वाटणार नाही.

जपानची वाट: हात लावायचा नाही

जपानच्या डोंगराळ भागात लोक पूर्वी हा प्राणी खात, औषध म्हणूनही वापरत. १९५२ मध्ये सरकारने त्याला 'विशेष नैसर्गिक स्मारक' ठरवलं. देऊळ, किल्ला किंवा जुनी मूर्ती जशी राष्ट्राची ठेव, तसाच हा प्राणी. परवानगीशिवाय त्याला पकडणं तर सोडाच, हात लावणंही गुन्हा ठरला.

या कायद्याने शिकार जवळपास थांबली. पण कायद्याने माणसाचा हात रोखला, सिमेंट रोखलं नाही. युद्धानंतरच्या दशकांत जपानमध्ये नद्यांवर धरणं झाली, शेतीसाठी जागोजागी बंधारे झाले, पूर अडवायला काठ काँक्रीटने बांधून काढले गेले. आता मघाचं बीळ आठवा. काठ काँक्रीटचा झाला की बीळ संपलं. आणि विणीच्या काळात हा प्राणी प्रवाहाच्या उलट वर चढतो. समोर मीटर-दीड मीटर उंचीचा बंधारा आला की तिथेच अडतो. माशासारखी उडी त्याला मारता येत नाही.

असे प्राणी आयुष्य मोठं असल्यामुळे वर्षानुवर्षं दिसत राहतात. लोकांना वाटतं, आहेत की अजून! पण जे दिसतात ते म्हातारे असतात, पिल्लं नसतात. ऱ्हास डोळ्यांवर येईपर्यंत एक पिढी निघून जाते.

तरी जपानमध्ये कामही झालं. हिरोशिमा शहराच्या आसा प्राणिसंग्रहालयाने १९७९ मध्ये बंदिवासात या प्राण्याची वीण यशस्वी करून दाखवली. काही ठिकाणी बंधाऱ्यांना उतार आणि पायऱ्या जोडल्या, काँक्रीटच्या काठात कृत्रिम बिळं ठेवली. आज जागतिक यादीत जपानी महाकाय सॅलमँडर 'असुरक्षित' या वर्गात आहे. परिस्थिती बरी म्हणता येणार नाही, पण प्राणी अजून आपल्या नदीत आहे.

चीनची वाट: भरपूर पैदास करायची

चीनमध्ये यांगत्से, पीत नदी आणि पर्ल नदीच्या खोऱ्यांतल्या डोंगराळ ओढ्यांत हा प्राणी पसरलेला होता. काही भागांत तो अशुभ मानला जाई, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भीती ओसरली आणि मागणी वाढली. १९५० च्या दशकानंतर संख्या झपाट्याने घसरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत तर जपानी आणि चिनी दोघेही १९७५ पासूनच होते.

पण चीनने संरक्षणाबरोबर दुसरी वाटही धरली, ती पालनकेंद्रांची. कृत्रिम वीण जमली होती. केंद्रात पैदास झालेल्या प्राण्यांची विक्री कायद्याने करता येऊ लागली. श्रीमंतांच्या जेवणावळीत त्याचं मांस प्रतिष्ठेचं झालं. २०११ च्या सुमारास एकट्या शान्शी प्रांतात पालनकेंद्रांतल्या सॅलमँडरांची नोंद २६ लाख होती.

वरवर पाहता वाटेल, प्रश्न सुटला. दुर्मिळ प्राणी लाखोंनी झाला, मग काळजी कसली? पण केंद्रांना पैदाशीसाठी नवनवे नर-माद्या लागत, आणि ते रानातून चोरून पकडले जात. एकेका केंद्रात दूरदूरच्या नद्यांतले प्राणी एकत्र आले. दाटीमुळे विषाणूची साथ पसरली. आणि पुन्हा निसर्गात सोडायचे म्हणून याच केंद्रांतले प्राणी नद्यांत सोडण्यात आले. २००८ नंतरच्या दहाएक वर्षांत असे ७० हजारांहून जास्त प्राणी सोडले गेले.

२०१३ ते २०१६ या काळात चिनी आणि ब्रिटिश संशोधकांनी मोठी पाहणी केली. १६ प्रांतांतल्या ९७ जागी ओढे तपासले. चार जागी मिळून सापडले फक्त २४ प्राणी. आणि त्यांचे डीएनए तपासले तर ते मूळ त्या नदीचे नव्हतेच. पालनकेंद्रांतून आलेले असावेत असं दिसलं. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केंद्रांत लाखो, नदीत शून्याच्या जवळ.

त्याच वर्षी दुसरा धक्का बसला. ज्याला सगळे एक चिनी सॅलमँडर समजत होते, त्यात निदान पाच वेगवेगळ्या प्रजातींएवढे भिन्न वंश असल्याचं जनुकांनी दाखवलं. डोंगररांगांनी वेगळे केलेले हे वंश लाखो वर्षं आपापल्या खोऱ्यात राहिले होते. २०१९ मध्ये संग्रहालयांतले जुने नमुने तपासून दक्षिण चीनचा एक वंश स्वतंत्र प्रजाती म्हणून पुन्हा मान्य झाला. त्याचं नाव 'स्लायगोई'. १९२४ मध्येच बूलांजे या शास्त्रज्ञाने ते दिलं होतं, आयर्लंडच्या स्लायगोच्या मार्क्विसवरून. त्या नावाचा मूळ प्राणी हाँगकाँगहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, २० वर्षं तिथे जगला आणि नंतर संग्रहालयात जतन झाला. पण पुढच्या अभ्यासकांनी ते नाव मोडीत काढलं होतं आणि सगळ्यांना एकाच नावाखाली घातलं होतं.

नाव मोडीत निघण्याची किंमत केवढी, पाहा. सगळे एकच आहेत असं कागदावर ठरल्यावर दक्षिणेचा प्राणी उत्तरेच्या केंद्रात आणि उत्तरेचा दक्षिणेच्या नदीत सोडताना कोणाला काही वावगं वाटलं नाही. ज्याला नावच नाही त्याच्या मरणाची नोंद कुठे होणार?

क्योतोची नदी

आता दोघा भावांची गाठ कशी पडली ते पाहू. १९७० च्या दशकात जपानमध्ये खाण्यासाठी चीनमधून जिवंत सॅलमँडर आणले गेले. स्वतःच्या देशातल्या प्राण्याला हात लावायचा नाही, पण परदेशातला तसाच प्राणी ताटात चालेल, असा तो हिशेब. यातले काही सुटले किंवा सोडले गेले आणि नद्यांत पोचले.

क्योतो शहरातून कामो नदी वाहते. उत्तरेच्या डोंगरांतून निघून जुन्या राजधानीच्या मधोमध जाणारी, काठाने लोक फिरायला येतात अशी ही नदी. तिथे चिनी प्राणी जपानी प्राण्यांशी जुळले. मोठ्या अंगाचा नर बीळ बळकावतो, हे आपण पाहिलं. संकर पिल्लं झाली, त्यांनाही पिल्लं झाली. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी डीएनए तपासले तेव्हा कामो नदीत सापडणाऱ्या प्राण्यांत बहुसंख्य संकर निघाले. शुद्ध जपानी प्राणी अपवादाने उरले. नुसतं पाहून संकर ओळखता येत नाही. त्यामुळे आता प्राणी पकडायचा, नमुना घ्यायचा, निकालाची वाट पाहायची. जपानी निघाला तर परत नदीत, नाहीतर बंदिवासात.

१ जुलै २०२४ पासून जपान सरकारने चिनी महाकाय सॅलमँडर आणि संकर यांना आक्रमक परदेशी प्राण्यांच्या यादीत घातलं. त्यांना पाळणं, नेणं, सोडणं यावर बंदी आली. जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' असलेला प्राणी क्योतोत घुसखोर ठरला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. प्राणी तोच, नदी बदलली.

काही जण म्हणतात, संकर झाला तर बिघडलं काय? नदीत सॅलमँडर तर आहे ना? शिवाय रक्तशुद्धीची भाषा माणसांच्या इतिहासात किती घातक ठरली, ते आपल्याला माहीत आहे. हा आक्षेप हलका नाही. पण माणसं एकच प्रजाती आहेत. तिथे शुद्ध रक्त ही थापच होती. इथे समुद्राने लाखो वर्षं वेगळे ठेवलेले दोन जीव आहेत, आणि ते आपण होऊन भेटले नाहीत. आपण त्यांना जहाजातून आणलं. संकर वाढत गेला तर जपानी प्राणी कुठेही मेलेला न दिसता नाहीसा होईल. नदी भरलेली दिसेल आणि प्रजाती संपलेली असेल.

या इतिहासाला एक वेगळं वळणही मिळालं. जपानमधल्या चिनी सॅलमँडरांचे डीएनए तपासताना २०२४ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की त्यातले चार प्राणी 'स्लायगोई' आहेत, चीनच्या रानातून नाहीसा झाला असावा अशी भीती आहे तोच. चारांपैकी दोन जिवंत होते, टोकियोच्या एका मत्स्यालयात आणि हिरोशिमाच्या आसा प्राणिसंग्रहालयात. दोन्ही नर. म्हणजे बाहेरचे म्हणून सरसकट सगळे नष्ट केले असते, तर एका प्रजातीचे हे शेवटचे धागेही तुटले असते. चीनमध्येही एक आशा दिसली. जिआंगशी प्रांतातल्या एका अभयारण्यात मूळचे, रानात वीण करणारे सॅलमँडर सापडले आणि २०२२ मध्ये त्यांना स्वतंत्र प्रजातीचं नाव मिळालं.

कावेरीतला मासा

हे सगळं दूरचं आहे असं वाटत असेल तर आपल्या नद्यांकडे वळू. कावेरीत मोठ्या पाठीचा महसीर मासा होता, ५० किलोंच्या वर जाणारा. इंग्रज शिकारी एकोणिसाव्या शतकापासून त्याच्यामागे होते. त्याला वाचवायचं म्हणून कावेरीत महसीरची पिल्लं सोडण्यात आली. पण ती होती निळ्या पंखांच्या महसीरची, म्हणजे 'खुद्री' या दख्खनच्या माशाची. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं होतं. त्याची पैदास लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात होई आणि तिथून पिल्लं अनेक राज्यांत जात. हेतू चांगला होता, मेहनतही खरी होती. पण कावेरीत निळे महसीर वाढत गेले आणि मूळचा मासा दिसेनासा झाला. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला.

तेव्हा या दोन भावांच्या इतिहासातून घ्यायचं ते एवढं. जपानने प्राणी जपला, पण नदीकडे उशिरा पाहिलं. चीनने प्राण्यांची संख्या वाढवली, पण कोणता प्राणी कोणत्या नदीचा हे उशिरा विचारलं. प्राण्याचा पत्ता त्याच्या नावातच असतो. तो पत्ता न वाचता त्याला वाचवायला गेलो की मदतीचं रूपांतर घुसखोरीत होतं. पुढच्या वेळी तुमच्या गावात नदीत एक लाख मत्स्यबीज सोडल्याची बातमी आली, तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हे मासे कोणत्या नदीचे?

पुढच्या भागात भेटू.